कुलपात ठेवलेले १९ टॅब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत टॅबवरचा लेख वाचला. मोबाइल खिशात आहे, लॅपटॉप टेबलावर आहे, मग मधल्या या पाटीला गिऱ्हाईक कोण, असा लेखकाचा सवाल होता आणि उत्तर ‘बहुधा कुणी नाही’ असं होतं. माझं मिरजेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वडील याच गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे, मी त्यांच्याच सोल्डरिंगवर शिकलो. टॅबचं गिऱ्हाईक कोण हे मला काउंटरवर दिसतं, म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त बॅटरीचा भाग तेवढा राहू द्या.

दिवसाला पंधरा-वीस मोबाइल येतात, टॅब आठवड्याला तीन-चार. आकड्यांवर गेलं तर लेखक म्हणतात ते खरं आहे. पण मोबाइलवाला “किती होतील?” विचारतो, आकडा जड वाटला की नवीन घ्यायला जातो. टॅबवाल्यांत दोन जाती आहेत. एक म्हणतो, “बघा जमलं तर, नाहीतर राहू दे तुमच्याकडेच.” तो पुन्हा फिरकत नाही, माझ्या माळ्यावर असे बेवारस टॅब खोकंभर आहेत. दुसरा स्टुलावर बसतो आणि काम होईस्तोवर हलत नाही. तुमच्या लेखात पहिला आलाय, दुसरा आलेलाच नाही.

स्टुलावर बसणाऱ्यांत एक बाई आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, बोलत नाही. टॅबवर चित्रं असतात: पाणी, भूक, शू, आजी, नको. तो बोट ठेवतो आणि टॅब मराठीत बोलतो. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइनच्या विभागानं ‘जेलो’ नावाचं हे ॲप केलंय, फुकट आहे. गणपतीच्या आधी टॅब पडला, काच गेली, टच गेला. बाई दुकानात आल्या त्या चपला अर्ध्या पायात घालून. “दादा, आजच्या आज द्या. हे नसलं की तो भिंतीवर डोकं आपटतो.” त्या मॉडेलचा डिस्प्ले कोल्हापुरात नव्हता, पुण्यात नव्हता, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या माझ्या माणसाकडेही नव्हता. यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यापुरता मी त्यांना माळ्यावरचा एक टॅब दिला. तो कुठला, ते शेवटी सांगतो.

हेच मोबाइलवर का नाही, असं मी त्यांना विचारलं होतं. एक तर चित्रं इतकी दाटतात की त्याचं बोट शेजारच्यावर पडतं. मागायचं असतं पाणी आणि ऐकू येतं नको. दुसरं म्हणजे मोबाइल आईचा. मधेच वाजतो, आई घेऊन बाहेर जाते. टॅब त्याचा स्वतःचा.

दुसऱ्या एक आजी आहेत, अठ्ठ्याहत्तरीच्या, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या. मुलानं पुण्याहून आपला जुना आयपॅड आणून दिला. त्यावर पोथी आहे, अक्षर बोटानं ओढून बोराएवढं मोठं करतात आणि पारायण करतात. त्या आयपॅडला कंपनीनं केव्हाच वाऱ्यावर सोडलंय. नवं काही घालायला गेलं की “ही आवृत्ती चालणार नाही” असा निरोप येतो. आजींना त्याचं काही नाही. “मला कुठं नवं घालायचंय? पोथी तीच आहे,” म्हणाल्या. वर मलाच विचारलं, “तू वाचतोस का रे रोज काही?”

आणि गाणारे. मिरज हे तंबोऱ्याचं गाव. सतारमेकर गल्लीत अजून मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, आणि २०२४ मध्ये इथल्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर बसून मी लोकांच्या टॅबमधला तंबोरा दुरुस्त करतो, हे माझं नशीब! एक गायनशिक्षिका आहेत. स्टँडवर टॅब ठेवायचा, एका बाजूला तंबोरा-तबला सुरू, समोर बंदिश मोठ्या अक्षरात, आणि दोन्ही हात मोकळे. पूर्वी वह्यांची पिशवी घेऊन रिक्षानं सांगलीपर्यंत शिकवण्या करायच्या. आता टॅब आणि एक शाल.

गल्लीत तंबोरे बनवणाऱ्या एका चाचांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “तंबोरा वाजतो म्हणतोस, यात जवारी कुठाय?” त्यांचं बरोबर आहे. घोडीवर, म्हणजे तारेखालच्या पट्टीवर, रेशमाचा दोरा सरकवून तार बोलती करायची, ती जवारी काचेत येत नाही. पण चाचांच्याच कारखान्यात खिळ्याला एक टॅब अडकवलेला आहे. परदेशातलं गिऱ्हाईक त्यावर समोर येतं, चाचा जवारी लावून दाखवतात, तो तिकडून “थोडी अजून उघडा” म्हणतो. मोबाइल धरायला दुसरा माणूस लागायचा, आणि त्या माणसाची बोटं नेहमी कॅमेऱ्यावर. हा टॅब वर्षातून एकदा माझ्याकडे येतो, चार्जिंगच्या जॅकमध्ये लाकडाचा भुसा भरला म्हणून. टाचणीनं काढतो, पैसे घेत नाही.

अमेरिकन एअरलाइन्सनं २०१३ मध्ये पायलटांच्या बॅगेतले नकाशे आणि पुस्तिका काढून त्यांना आयपॅड दिले. ती बॅग सुमारे १६ किलोंची असायची. आमच्या शिक्षिकाबाईंची पिशवी तेवढी नव्हती, पण कॉकपिटमधली गरज आणि रिक्षातली गरज यांत मला काही फरक दिसत नाही. कागद फार, हात कमी, अक्षर मोठं हवं, आणि काम एकच.

टॅब विकायला निघालेल्यांना नेमकं हे ‘एकच’ नको होतं. त्यांना सगळंच पाहिजे होतं. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी २७ जानेवारी २०१० ला आयपॅड दाखवला, आपल्याकडे तो वर्षानं आला, सगळ्यात स्वस्त २७,९०० रुपयांना. त्या वेळी मिरजेत तो घेणारे मला बोटांवर मोजता आले असते. मग सात इंची टॅबांची लाट आली. जॉब्स यांनी त्यांची टिंगल केली होती: सात इंची विकायचा तर बोटं घासून बारीक करायला सोबत सँडपेपरही द्या. २०१२ मध्ये, जॉब्स गेल्यावर, त्यांच्याच कंपनीनं ७.९ इंचांचा काढला. पण सात इंचीला खरं मारलं ते मोबाइलनं. २०१० चा आयफोन साडेतीन इंचांचा होता. आज माझ्याकडे येणारा दहा हजारांचा मोबाइल साडेसहाच्या वर आहे. सात इंची काचांचा माझा साठा तसाच पडून राहिला, त्यात माझे आठ हजार गेले.

सरकारी टॅबांचंही तेच. ५ ऑक्टोबर २०११ ला ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब आला तेव्हा माझ्या दुकानात पोरांची रांग लागायची, “काका, आला का?” विचारायला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडणार होता. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि दाबून चालणारा पडदा, म्हणजे नखानं टोचल्यासारखं करायचं. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते ‘आकाश २’ आला, त्याचा पडदा बोट टेकलं की चालणारा होता. सगळी चर्चा किमतीवर आणि रॅमवर झाली. वर्गात मास्तरांनी तो कोणत्या तासाला बाहेर काढायला सांगायचा, यावर मी एकही बातमी वाचल्याचं आठवत नाही.

उलट २०११ सालीच सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेला भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले सहा लाखांवर टॅब वापरले गेले. आमच्या दारात गुरुजी आले, ते प्रश्न विचारायचे आणि सोबतचं पोरगं टॅबवर भरायचं. आमच्या आईनं दोघांना चहा दिला, कपातला चहा टॅबवर सांडला, पोरानं शर्टाला पुसून पुढचा प्रश्न घेतला. काम ठरलेलं होतं म्हणून टॅब चालला. आता २०२७ च्या जनगणनेत प्रगणक आपापल्या मोबाइलवरच माहिती भरणार आहेत. म्हणजे तेही गिऱ्हाईक मोबाइलनं नेलं. नेऊ दे. मोबाइलवर जे होतं ते मोबाइल नेणारच.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. गेल्या मे महिन्यात तालुक्यातल्या एका शाळेचे हेडगुरुजी दुपारी दुकानात आले. शाळेचं नाव लिहीत नाही. खांद्यावर पोषण आहाराच्या तांदळाचं रिकामं पोतं, आणि पोत्यात १९ टॅब. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून आलेले. एकेक बाहेर काढून काउंटरवर मांडला. काचेवरची कंपनीची प्लास्टिकची पातळ फिल्मसुद्धा तशीच होती, कोपरेही न सुटलेली. गुरुजी मोठ्या समाधानानं म्हणाले, “एकही फुटलेला नाही बघा. कुलपात होते. पोरांच्या हाती दिले असते तर काय उरलं असतं?” फक्त चालू होत नाहीत, एवढंच.

१९ च्या १९ मेले होते. पहिला उघडला, बॅटरीला मीटर लावला: ०.९ व्होल्ट. टॅबमधला सेल ३.७ व्होल्टचा असतो. नुसता पडून राहिला तरी आतलं सर्किट थोडी थोडी वीज पीत असतं. व्होल्टेज अडीचच्या खाली गेलं की संरक्षणाचं सर्किट दार लावून घेतं. मग नेहमीचा चार्जर लावला तरी बऱ्याचदा आत काही जात नाही. आणि महिनोन् महिने तसाच पडला तर सेल आतून खराब होतो, बाहेरून जबरदस्तीनं भरणं धोक्याचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुणी ते निम्मे चार्ज करून ठेवले असते तर आज चालले असते. पण ते सांगायचं कुणी? सोबतच्या पुस्तिकेत ‘मुलांच्या हाती देऊ नका’ असल्या सूचना पानभर, आणि तीही इंग्रजीत.

गुरुजींना मी हे समजावलं तेव्हा ते बराच वेळ त्या फिल्मवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे जपले म्हणून गेले?” मी म्हटलं, होय गुरुजी. त्यांच्यावर मला राग नव्हता. एक फुटला असता तर पंचनामा, खुलासा, पगारातून वसुली. कुलूप लावणं हाच शहाणपणा होता.

ज्यांचं व्होल्टेज दोनच्या वर उरलं होतं ते बेंच सप्लायवर, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं लावता येतं त्या यंत्रावर, हळूहळू उठवले. सात उठले. उरलेल्या बारांना नवे सेल पाहिजेत. कंपनीचं नाव बाजारात कुणी ऐकलेलं नाही; बॅटरी मागितली तर व्यापारी “कुठली?” असं दोनदा विचारतात. अशा वेळी आम्ही सेलवरचा आकडा बघतो. ३५७०९५ असेल तर जाडी साडेतीन मिलिमीटर, रुंदी ७०, लांबी ९५. त्या मापाचा दुसरा शोधायचा. जाडी अर्धा मिलिमीटर वाढली तरी पडदा वर उचलला जातो, म्हणून माप तंतोतंत लागतं. मजुरी धरून एकाला हजारच्या आत बसलं असतं. गुरुजी म्हणाले, “खरेदीला खर्चाचं हेड होतं, दुरुस्तीला हेड नाही. साहेबांना विचारून सांगतो.” पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. पोतं माझ्याकडेच आहे.

याच्या अगदी उलटा रोगही असतो. स्टँडजवळच्या एका हॉटेलात ऑर्डरी घ्यायचा टॅब बारा महिने चार्जरवर आणि शेजारी भट्टी. पूर्ण भरलेला सेल सतत गरम राहिला की आत वायू धरतो, भाकरीसारखा टम्म फुगतो, पडदा फ्रेममधून सुटतो. मालक वरून दाबून चिकटवायचा प्रयत्न करत होता! तसं कुणी करू नका. असा टॅब बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. दाबायचा नाही, टोचायचा नाही. उघडताना गोडसर वास आला तर मी पहिल्यांदा पंखा लावून दाराकडे सरकतो.

तिसरा प्रकार क्लासवाल्यांचा. एका खासगी क्लासनं फीमध्येच टॅब दिला होता. त्यात फक्त क्लासचे धडे चालत, बाकी सगळ्याला कुलूप. परीक्षा झाली, धडे बंद झाले, कुलूप मात्र राहिलं. मुलीचे वडील म्हणाले, “पैसे आमचे आणि किल्ली त्यांची, असं कसं?” लॉक तोडायच्या कामाला मी हात लावत नाही, उद्या कुणी चोरीचा आणला तर पोलीस माझ्या दारात. क्लासला फोन केला, ते म्हणाले बघतो. अजून बघतायत. राज्य सरकारच्या ‘महाज्योती’कडूनही जेईई-नीटच्या तयारीसाठी मुलांना टॅब मिळतात, सोबत रोजचा डेटा. माझ्याकडे येणाऱ्यांत अशी पोरं आहेत आणि त्यांचे टॅब झिजलेले असतात, कव्हरला तेलाचे हात, कडेला रंग उडालेला. वापर ठरलेला असला की असं होतं. परीक्षेनंतर तो धाकट्या भावाला उपयोगी पडावा, एवढं मात्र वाटपाच्या वेळीच कुणीतरी बघायला हवं.

म्हणून लेखकांना माझं म्हणणं असं, की बाजार कमी आहे हे कबूल, पण आहे तो बाजारसुद्धा आपण पार्टांच्या अभावी मारतोय. ज्याला टॅब लागतो त्याला तो फार लागतो, आणि एक काच फुटली की त्याचं सगळं थांबतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे: मोबाइल असो की टॅब, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. कंपन्यांनी त्यावर दुरुस्तीची माहिती टाकायची, असं ते आहे. चांगलं आहे. पण माझ्या पोत्यातल्या टॅबची कंपनी मला तिथे सापडली नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. जिल्हा परिषद, महापालिका, आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, जो कुणी शेकड्यांनी टॅब वाटतो, त्यानं निविदेत चार ओळी वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. दर दहा टॅबांमागे दोन बॅटऱ्या आणि एक डिस्प्ले सोबतच घ्यावा. बॅटरीचं माप आणि मॉडेल बिलावर छापून घ्यावं. वापर संपला की लॉक काढून देण्याची लेखी हमी घ्यावी. आणि मुलाच्या हातून काच फुटली तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही, हे परिपत्रकात मराठीत लिहावं. नाहीतर टॅबांऐवजी सरळ गोदरेजची कपाटं वाटा, ती तरी टिकतात.

आता माळ्यावरचा तो टॅब. त्या बाईंना मी जो तीन आठवडे दिला, तो पोत्यातल्या सातांपैकी एक होता. शाळेची मालमत्ता आहे, मला अधिकार नव्हता, म्हणून माझं नाव छापू नका. परत आला तेव्हा एक कोपरा घासलेला होता, काचेवर ओरखडे, फिल्म अर्धी निघालेली आणि ‘पाणी’ येतं त्या जागी बोटाचा तेलकट ठसा. १९ मधला वापरलेला असा तो एकच आहे. बाकीचे सहा आणि तो, असे सातही मी दर महिन्याच्या १ तारखेला चार्जिंगला लावतो. शाळेतून अजून कुणी विचारायला आलेलं नाही.

आपला,
एक दुरुस्तीवाला, मिरज